‘ऐका’ नावाचं बटण

प्रिय भुंग्या,

हे जाडजूड पाकीट हातात पडलं तेव्हा तुला वाटलं असेल, कुणीतरी कॅलेंडर पाठवलंय. आणि उघडून बघतोस तर काय, सगळे कागद पांढरे, नुसते उंचवटे. पाकिटावरचं अक्षर माझ्या सोबतिणीचं, आतले ठिपके माझे. तू आठ वर्षांचा असताना ब्रेल शिकलास ते काही माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, माझी डायरी चोरून वाचायला मिळावी म्हणून. तेही बोटांनी नाही, खिडकीशी कागद तिरका धरून डोळ्यांनी. चोरटा कुठला! मला कळलं तेव्हा मी तुझा कान पिरगाळला होता, पण तुझ्याशिवाय घरात दुसऱ्या कुणी ती लिपी शिकायची तसदी घेतली नाही, हेही मी विसरलेले नाही. तर ती विद्या आता बाहेर काढ. सावकाश वाच. एखादं अक्षर अडलं तर ऊठ, चहा करून घे, परत येऊन बस. हे पत्र दहा मिनिटांनी आपोआप कोरं होत नाही. असं का म्हणते ते पुढे येईलच.

दोन वर्षं मी तुझा फोन उचललेला नाही. तुझी समजूत अशी की ताई फुगून बसली आहे. तू मेसेज करून मला तुमच्याकडे कायमचं राहायला बोलावलंस, मी नाही म्हटलं, तू रागाच्या भरात ‘मग बस तिथेच एकटी’ असं लिहिलंस आणि ते मी मनाला लावून घेतलं. बरोबर ना? तुझे मेसेज यायचे, मी ‘बरी आहे, कामात आहे’ एवढंच उत्तर टाकायची. मग तूही कंटाळलास. आठवड्याचा मेसेज महिन्यावर गेला, महिन्याचा वाढदिवसापुरता उरला. अरे, तुझ्यावर रुसायला मी काय आज ओळखते तुला? कारण वेगळंच होतं. ते सांगतेच, पण आधी तुझ्या धंद्यातली एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. तू वेबसाइटी बांधतोस, मला त्या वापराव्या लागतात. तेव्हा जरा ऐकून घे.

दवाखान्यातलं टेलिफोनचं काम सोडून मी ब्रेल छापखान्यात लागले, एवढं तुला ठाऊक आहे. तिथे मी छापायच्या आधीची पानं तपासते. शाळेची पुस्तकं जास्त. मागच्या महिन्यात गणिताच्या पुस्तकात आठ साते पासष्ट निघाले. मी ते पान घेऊन थेट फोरमनच्या टेबलाशी गेले आणि त्याच्या नाकासमोर धरलं. तो मला मांजर म्हणतो, कुठल्याही कोपऱ्यातली चूक दबा धरून पकडते म्हणून. म्हणेना का! पोरांनी चुकीचे पाढे पाठ करण्यापेक्षा मी मांजर झालेली बरी. काम मला मनापासून आवडतं, भुंग्या. दिवसभर हाताखाली शब्द असतात आणि त्यांच्यावर माझा हुकूम चालतो.

छापखाना आपल्या घरापासून चारशे पावलांवर, पण मध्ये तो मोठा रस्ता. तो ओलांडायला, बाजारात न्यायला, बँकेत, दवाखान्यात माझ्या वतीने बोलायला मला आठवड्यातले बारा तास एक सोबतीण मिळते. अपंगांसाठीचं जे सोबत-कार्यालय आहे, तिथून. मी तिला घाईबाई म्हणते. पूर्वी ती कपडे शिवायची, त्यामुळे तिचं बोट सुईने खरखरीत झालंय. त्या बोटाने ती माझ्या तळहातावर अक्षरं काढते. एवढ्या भराभर काढते की अर्धे काने-मात्रे वाटेतच सांडतात, आणि मी तिचा हात धरून ते परत काढायला लावते. ती वैतागते, मी हसते. रस्त्यात कोण भेटलं, त्याने कसला शर्ट घातलाय, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तळहातावर येतं. घाईबाई आहे म्हणून माझी नोकरी आहे. खरं सांगायचं तर ती आहे म्हणून मला शेजारपाजार आहे, बाजार आहे, जग आहे.

आता तू म्हणशील, रस्त्याचं समजलं, पण तळहातावर कशाला? तोंडाने बोलायला काय झालं तिला? थांब, येतेच त्यावर.

या सोबतीच्या तासांसाठी दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. आजवर कागदाचा होता. यंदा कार्यालयाने तो बंद केला आणि नवी वेबसाइट काढली. घरबसल्या सोय, असं पत्रात मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. अर्ज अर्जदाराने स्वतः भरायचा. सोबतिणीने हात लावायचा नाही, कारण त्या तासांचा पगार तिलाच मिळतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. स्वतः भरता येत नसेल तर कार्यालयात जायचं आणि डॉक्टरचा कागद द्यायचा. त्या कागदावर काय छापलंय माहीत आहे? ‘अर्जदार स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ आहे.’ घाईबाईने ते वाक्य माझ्या हातावर लिहिलं. मी, जी दुसऱ्यांच्या आठ साते पासष्टला पकडते, ती असमर्थ! मेले तरी त्या कागदावर सही करणार नाही. म्हटलं, भरते की स्वतः. त्यात काय एवढं?

बसले संगणकाशी. तुला आमचा जुना संगणक आठवत असेल. तो पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तू त्याला सर्दी झालेला मास्तर म्हणायचास. तो मास्तर अजून बोलतो की गप्प झाला, मला माहीत नाही.

लिहूनच टाकते. मला ऐकू येत नाही, भुंग्या. दिसत तर जन्मापासून नव्हतंच, आता कानही गेले. एका दिवसात नाही गेले. आधी शिट्ट्या गेल्या, मग चिमण्या. मग बायकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे झाले. दवाखान्यात फोनवर मी अंदाजाने चालवत होते. बावीस वर्षांचा सराव होता, लोक काय विचारणार ते आधीच माहीत असायचं, निभत होतं. एके दिवशी एका माणसाने बाळंतपणाचा वॉर्ड मागितला आणि मी त्याला शवागार जोडून दिलं. तो बाप झाला होता रे, ते विचारायला त्याने फोन केला होता. त्याच्या तोंडचं किती पाणी पळालं असेल! दुसऱ्या दिवशी मी होऊन राजीनामा दिला. तुला मात्र सांगितलं, तेच तेच बोलून कंटाळा आला. डॉक्टर म्हणाले, नस वाळत चालली आहे, यंत्राचा उपयोग नाही. शेवटी पुरुषांचे जाड आवाज तेवढे राहिले होते. सगळ्यांत शेवटी तुझा गेला.

आपला शेवटचा फोन तुला आठवतो का? तू फार खुशीत होतास. बराच वेळ काहीतरी सांगत होतास, नव्या कामाचं. मला ‘ताई’ कळलं, ‘तुझ्यासारख्यांना’ कळलं. बाकी सगळी नुसती घरघर. मी ‘वा वा, छान छान’ करत राहिले आणि फोन ठेवल्यावर पलंगावर बसून रडले. त्यानंतर फोन उचलला नाही. उचलून करणार काय?

तुला कळवलं का नाही? एक कारण सोपं आहे. तुला कळलं असतं तर पहिल्या गाडीने येऊन तू मला सामानासकट उचलून नेलं असतंस. तुमच्या घरी मला पाण्याचा पेला कुठे ते विचारावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकू आलं नसतं. इथे मला प्रत्येक दाराची कडी माहीत आहे. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. इथे सगळ्यांना कळलं होतं. बोलणारे माझ्याशी बोलायचे थांबले होते, माझ्याविषयी एकमेकांशी बोलू लागले होते. जगात तू एकटाच असा उरला होतास, ज्याच्या लेखी ताईला अजून ऐकू येत होतं. तेवढी एक जागा मला सोडवेना. त्यासाठी तुला दुखवलं. चुकलं माझं.

बरं, आता त्या वेबसाइटकडे वळू या. हल्ली माझ्या संगणकाला ठिपक्यांची पट्टी जोडलेली आहे. पडद्यावर जे असेल ते चाळीस-चाळीस अक्षरांनी माझ्या बोटांखाली उमटतं. एवढीच माझी खिडकी. पहिलं पान उघडलं, पट्टीवर आलं, ‘चित्र’. पुढे गेले, ‘चित्र’. आणखी पुढे, ‘बटण, बटण, बटण’. कसलं बटण, कशाचं, काही पत्ता नाही. तीन घरांची दारं आणि एकावरही पाटी नाही. एकेक दाबून बघितलं. एकाने पानाचा रंग बदलला म्हणे, माझ्या काय उपयोगाचा! वर ती चित्रं दर पाच सेकंदांनी आपोआप बदलायची आणि दर वेळी माझ्या बोटांखालचं वाक्य निसटून मी परत सुरुवातीला. नुसती जन्मतारीख लिहायला चार मिनिटं लागली. मला माझी जन्मतारीख नीट आठवते, हे तुझ्या माहितीसाठी.

कशीबशी चौथ्या पानावर पोचले तर सगळं गायब. पहिल्यापासून भरा. परत भरलं, परत गायब. तिसऱ्यांदा घाईबाईला शेजारी बसवलं, हात न लावण्याच्या अटीवर. तिने सांगितलं, दहा मिनिटं होत आली की ‘टिंग’ वाजतं, तेव्हा काहीतरी दाबलं तर वेळ वाढवून मिळतो. टिंग! मी कपाळावर हात मारून घेतला. मदतीसाठी ईमेल केली, त्यात ठळक लिहिलं की मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. उत्तर आलं, ‘आपल्या सोयीसाठी आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील.’ आणि केले ना त्यांनी! अकरा वेळा केले. फोन टेबलावर थरथरायचा, मी त्यावर हात ठेवून मोजत होते. माणसं प्रामाणिक आहेत, त्यात वाद नाही.

मीही हट्टाला पेटले. नऊ पानांची सगळी उत्तरं पाठ केली, कुठल्या बटणानंतर कुठलं येतं ते बोटांना पाठ करवलं, आणि मागच्या मंगळवारी दहा मिनिटांच्या आत शेवटच्या पानावर जाऊन धडकले. जीव भांड्यात पडला. तिथे लिहिलं होतं, ‘आपण यंत्र नसल्याची खात्री करा.’ एक चित्र, त्यात म्हणे वेडेवाकडे आकडे असतात. त्याखाली, ‘चित्र दिसत नसल्यास ऐका.’ आणि त्याखाली पाटी असलेलं, सगळ्या वेबसाइटमधलं सगळ्यांत नीट लावलेलं बटण. ‘ऐका.’ मी ते दाबलं. खोलीत कुठेतरी कुणीतरी आकडे म्हटले असतील. मी त्या बटणावर बोट ठेवून बसून राहिले, दहा मिनिटं संपेपर्यंत.

ज्याने हे केलं त्याने डोळे नसलेल्यांचा विचार केला, कान नसलेल्यांचा केला. दोन्ही एकाच माणसाला नसू शकतात, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि मी काही एकटी नाही. मला ईमेलवर भेटलेले एक निवृत्त शिक्षक आहेत, हातमाग शिकवायचे, माझ्यासारखेच दोन्हीकडून बंद. आम्ही रोज एकमेकांना लिहितो. त्यांच्या अर्जाची मुदत गेल्या महिन्यात संपली. तेही याच बटणापाशी अडकले आणि त्यांची सोबत बंद झाली. तीन आठवडे ते घराबाहेर पडलेले नाहीत. काल त्यांनी लिहिलं, ‘आज माझ्या हाताला कुणाचा हात लागून बावीस दिवस झाले.’ माझी मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. आज अठरा दिवस उरलेत.

बुधवारी घाईबाई म्हणाली, भरायचं नाही ना, नुसतं ऐकायला काय हरकत आहे? मी परत नऊ पानं पार केली, ‘ऐका’ दाबलं आणि तळहात पुढे केला. तिने लिहिलं, ‘पुरुष आहे. सात. तीन. शून्य. चार.’ मग तिचं बोट थांबलं. ‘मागे कुणीतरी गुणगुणतंय.’ मी म्हटलं, यंत्राला फसवायला मागे काहीतरी आवाज ठेवतात, तसलं असेल. ती म्हणाली, नाही, हे माणूस गुणगुणतंय, आणि सोबत लोखंडावर काहीतरी ठोकतंय. मी तिला म्हटलं, परत लाव, आणि ते ठोकणं माझ्या मनगटावर कर. तिने केलं. तीन भराभर, मग जरा थांबून एक.

भुंग्या, ही चाल जगात दोनच माणसांना माहीत आहे. शाळेतून आलास की खालच्या पायरीपासून तू गुणगुणायला लागायचास आणि बोटांच्या पेरांनी जिन्याच्या कठड्यावर ठोकत वर यायचास, तीन भराभर आणि एक थांबून. ताई दचकू नये, कोण आलंय ते तिला आधी कळावं, म्हणून. तुझं नाव त्यावरूनच पडलं. त्या शेवटच्या फोनवर तू हेच सांगत होतास ना? ‘तुझ्यासारख्यांना आता कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही ताई, स्वतःचा अर्ज स्वतः भरशील, आणि शेवटी तुला माझाच आवाज भेटेल.’ मी ‘छान छान’ म्हणाले होते. तू माझ्यासाठी दार ठेवलंस, नीट पाटी लावून, आणि त्याच दाराशी मी डोकं आपटत बसले. यात तुझा दोष नाही. तुला सांगायचं काम माझं होतं, मी मूग गिळून बसले.

सात, तीन, शून्य, चार, मला अजून पाठ आहे. तेव्हाच दाबून टाकलं असतं तर अर्ज गेला असता. पण खाली एका ओळीत खूण करायची होती, ‘मी हा अर्ज कुणाच्याही मदतीशिवाय भरला आहे.’ चुका पकडणारी बाई मी, खोट्यावर खूण कशी करू? आणि माझं भागलं असतं, तर त्या शिक्षकांचं काय? म्हणून हे पत्र लिहायला बसले. बटणांना पाट्या लाव, ती फिरती चित्रं थांबव, वेळ वाढवून मागायची सूचना अक्षरांत दे. शेवटच्या पानावर एखादा साधा प्रश्न अक्षरांत लिहून ठेव, बोटांनी वाचता येईल असा. आठ साते किती, हेसुद्धा चालेल, यंत्राला फसवायचं काय ते तुझं तू बघ. तुझा आवाजही राहू दे, ज्यांना ऐकू येतं त्यांना ऐकू दे. आणि एवढं झालं की एकदा ये. मला न्यायला नको, भेटायला ये. फोन करू नकोस, बेल वाजवू नकोस. खालच्या पायरीपासून कठड्यावर ठोकत ये. लोखंड तेच आहे, वरपर्यंत पोचतं, मी घाईबाईला खाली पाठवून बघितलं आहे. मी दार उघडं ठेवून कठड्यावर हात टेकून उभी राहीन. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

तुझीच,
ताई